ओळख आणि कागद : बँकॉकला निघण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझा पुतण्या घरी आला आणि बसता बसताच म्हणाला, "काका, बँकॉकची सगळी तयारी झाली." सगळी म्हणजे काय, असे विचारता त्याने विमानाचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि बरोबर न्यावयाच्या खाकऱ्यांचे डबे एवढे सांगितले. तो सांगलीस आपल्या वडिलांच्या सराफी पेढीवर बसतो. बँकॉकमध्ये रत्ने व आभूषणे यांचे मोठे व्यापारी प्रदर्शन वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, भरते. सप्टेंबरचे प्रदर्शन पर्युषण आणि दशलक्षण पर्वांच्या मागेपुढे येते, म्हणून त्याने फेब्रुवारीचे निवडले होते. इतका विचार त्याने केला याचे मला कौतुक वाटले. पुढच्या दोन उत्तरांनी मात्र ते कौतुक ओसरले.

"विमानतळावर घ्यायला कोण येणार?"

"पप्पांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मित्राचा माणूस येईल. नाव ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतील."

"आणि पैसे?"

"थोडे बरोबर नेतो. बाकी तिकडेच मिळतील, काका. इथे पप्पा त्यांच्या माणसाला रुपये देतील."

मी चहाचा कप खाली ठेवला. ३४ वर्षांच्या बँकेतील नोकरीपैकी ११ वर्षे मी परकीय चलनाच्या टेबलावर काढली आहेत, आणि हे शेवटचे वाक्य मी त्या टेबलापलीकडून अनेकदा ऐकले आहे.

आपली पेठ शब्दावर चालते, ही अभिमानाची गोष्ट आहे. लाखोंचा माल एका चिठ्ठीवर दुसऱ्या गावी जातो आणि पैसे ठरल्या तारखेस येतात. मी स्वतः अशा लौकिकाकडे पाहून कर्जाची शिफारस केली आहे. परंतु ही ओळख चालते ती एका कारणाने : ज्याने शब्द दिला त्याचे दुकान उद्याही त्याच गल्लीत असते, त्याच्या मुलीचे लग्न त्याच समाजात व्हायचे असते. मुंबईहून साडेचार तासांच्या उड्डाणानंतर ती गल्ली उरत नाही. शब्द मात्र तोच राहतो, आणि आपण त्यावर पूर्वीइतकाच विश्वास टाकतो. बँकॉकमध्ये तर हा भास अधिकच होतो. सीलोम, सुरावोंग, महेसक या रस्त्यांच्या परिसरात जयपूर आणि गुजरातकडील जैन कुटुंबे दीर्घकाळ रत्नांचा व्यापार करीत आहेत. पाहुरातच्या कापडबाजारात हिंदी आणि पंजाबी कानांवर पडते. विमानतळाचे नावच मुळी सुवर्णभूमी. आपण परमुलखात आहोत हे मनास पटतच नाही. सावधपणा सुटतो तो येथेच.

एक प्रसंग माझाच सांगतो. २००३ साली मी सौभाग्यवतींसह बँकॉकला गेलो होतो. निघण्याच्या आदल्या रात्री परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ आले. त्यांचा मुलगा तेथे नोकरीस होता. "साहेब, एवढा डबा पोहोचवा, घरचेच आहे," म्हणून त्यांनी कापडात शिवलेला एक डबा हातात दिला. नाही म्हणणे मला असभ्यपणाचे वाटले. सुवर्णभूमी तेव्हा सुरू झाले नव्हते. डॉन म्युआंग विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने तो डबा बाजूला काढला आणि विचारले, हे तुम्ही स्वतः भरले आहे काय? आत काय आहे? दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर "माहिती अपुरी" असा शेरा मारणारा मी, स्वतःच्या सामानाविषयी "मला माहीत नाही" असे म्हणत उभा होतो. शिवण उसवली गेली. आत सुंठवडा, कसल्याशा आयुर्वेदिक गोळ्या आणि एक जपमाळ निघाली. वीस मिनिटांत आम्ही सुटलो. त्या वीस मिनिटांत सौभाग्यवतींनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

आज हीच गोष्ट वीस मिनिटांत मिटणार नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजाला अमली पदार्थांच्या यादीतून वगळले आणि शहरभर त्याची दुकाने निघाली; जून २०२५ मध्ये तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरता मर्यादित करण्यात आला. या काळात बँकॉकहून भारतात 'हायड्रोपोनिक' गांजा आणण्याचे प्रकार वाढले. मुंबई विमानतळावर तो पकडल्याच्या बातम्या सातत्याने येतात. खाऊच्या पुड्यांत, खेळण्यांत, बॅगेच्या तळाशी केलेल्या कप्प्यात तो सापडतो. वाहक म्हणून पुष्कळदा विशी-पंचविशीतील मुले निवडली जातात. तिकीट आणि हॉटेल फुकट मिळते, बदल्यात "येताना एक बॅग आणायची" एवढेच सांगितलेले असते. आपल्याकडील एनडीपीएस कायद्यान्वये पकडलेला साठा व्यापारी प्रमाणाचा ठरला तर किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे आणि जामीन अत्यंत दुरापास्त. शिवाय, आपणास ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच पडतो. म्हणून घरात एकदाच ठरवून टाकावे : दुसऱ्याची वस्तू जाताना नाही, येताना नाही, सग्या मेहुण्याचीही नाही, न्यायचीच झाली तर ती उघडी आणावी आणि आपण स्वतः भरावी. स्वतःसाठीही तेथून गांजायुक्त बिस्किटे, चॉकलेटे, तेले घेऊ नयेत. वेष्टनावर पान छापलेले असते. विकणारा "हर्बल" म्हणतो.

आता रत्नांकडे वळतो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांचा हा धंदा आहे आणि उरलेल्यांना तो येतो असे वाटते. बँकॉकमधील रत्नांची फसवणूक फार जुनी आणि ठरीव आहे. राजवाड्याच्या आसपास एक सुशिक्षित, मृदुभाषी इसम भेटतो. "आज राजवाडा बंद आहे, काही धार्मिक विधी आहे," असे सांगतो. योगायोगाने एक टुकटुकवाला तेथेच असतो आणि नाममात्र भाड्यात दोन-तीन मंदिरे दाखवण्यास तयार होतो. एखाद्या मंदिरात आणखी एक सद्गृहस्थ भेटतात व सहज सांगतात की आज सरकारी सवलतीचा अखेरचा दिवस आहे, मी स्वतः नीलम घेतले आणि मायदेशी दुप्पट भावाने विकले. मग दुकान, मग क्रेडिट कार्ड, आणि माल "सुरक्षित राहावा म्हणून" टपालाने थेट घरी. टपालाचे कारण असे की माल हाती नसला म्हणजे दुसऱ्या दिवशी परत करावयास जाता येत नाही. वस्तुतः थाई सरकार अशी सवलतीची दुकाने चालवत नाही, आणि राजवाडा खुला आहे की नाही हे त्याच्या प्रवेशद्वारी पाहावे, रस्त्यावर ऐकू नये.

"आम्ही सराफ आहोत, आम्हाला कोण फसवणार?" असे पुतण्या म्हणालाच. सराफाला खडा कळतो, पण आपल्या उजेडात, आपल्या काट्यावर, आपल्या गतीने. माणिक आणि नीलम भाजून त्यांचा रंग सुधारण्याच्या कलेत थायलंड जगात अग्रगण्य आहे. चंथाबुरी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. निव्वळ भाजणे व्यापारात मान्य आहे, मात्र ते सांगितले गेले पाहिजे. २००१-०२च्या सुमारास बेरिलियम मिसळून भाजलेले केशरी नीलम बाजारात आले तेव्हा जगभरातील जाणत्या व्यापाऱ्यांचे आणि प्रयोगशाळांचेही डोळे दिपले होते. नंतर शिसेयुक्त काच भरलेली माणके आली. नुसत्या भिंगाने याचा निर्णय देणे धाडसाचे आहे. मोठ्या खड्याच्या खरेदीत म्हणूनच प्रयोगशाळेचा अहवाल हा सौद्याचा भाग करावा. जीआयटी ही थायलंडची राष्ट्रीय रत्नसंस्था आहे, तिच्याकडे तपासणी होते. अहवाल येईपर्यंत पैसे देऊ नयेत. "अहवालाची काय गरज, आपण एकमेकांना ओळखतो" असे विक्रेता म्हणाला तर तो सौदा तेथेच सोडावा. पहिल्या दिवशी काहीही घेऊ नये, हा माझा स्वतःचा नियम आहे. त्यास शास्त्राधार नाही.

विक्रीसाठी घेतलेला माल खिशात घालून घरी आणणे हा सोपा मार्ग वाटतो आणि पुष्कळजण त्यास चातुर्य समजतात. ते चातुर्य नव्हे, ती तस्करी आहे. पेढीचा आयात-निर्यात कोड, बँकेमार्फत पैसे, विक्रेत्याचे बीजक आणि सीमाशुल्काकडे बिल ऑफ एंट्री, हा रस्ता लांबचा आहे. परंतु पुढे तोच माल हिशेबाच्या वहीत घेता येतो आणि त्यावर विमा उतरवता येतो. दागिन्यांच्या सवलतीविषयीही गैरसमज आहे. विनाशुल्क दागिने आणण्याची ती मुभा वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी असते, आठवड्याच्या प्रवाशासाठी नव्हे. घरातील स्त्रियांनी अंगावर मौल्यवान दागिने घालून जाणे मुळात टाळावे. जायचेच असेल तर निघताना भारतीय सीमाशुल्काकडून त्यांची नोंद करून प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना "हे आमचेच" असे तोंडी सांगत बसावे लागत नाही.

पैशांबाबत पुतण्याला मी थोडे कठोर बोललो. इथे रुपये द्यायचे आणि तिथे बाट घ्यायचे, ही हवाला आहे. फेमा कायद्याचा भंग आहे. रक्कम लहान असली तरी देणाऱ्याच्या वहीत आपले नाव राहते आणि त्या वहीवर एखाद्या दिवशी धाड पडते. शिवाय तो मनुष्य ऐनवेळी फिरला तर आपण तक्रार कोणाकडे करणार? याउलट कायदेशीर मार्ग काही अवघड नाही. अधिकृत विक्रेत्याकडून वा बँकेतून परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात. बाकी फॉरेक्स कार्डावर भरावे. पावती जपावी. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बरोबर नेता-आणता येतात. परतताना आपल्यापाशी ५,००० डॉलरहून अधिक परकीय नोटा, अथवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरहून अधिक असतील, तर विमानतळावर घोषणापत्र भरणे बंधनकारक आहे.

कार्डाविषयी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी, ज्या बँकेत कोणी सहसा आपण होऊन सांगत नाही. नव्या कार्डावर परदेशी वापर बंद ठेवलेला असतो. तो निघण्यापूर्वी सुरू करावा, मर्यादा आपल्या गरजेपुरतीच ठेवावी. तेथील एटीएम परदेशी कार्डास प्रत्येक वेळी ठरावीक आकार लावतात, तेव्हा रोज थोडे थोडे काढणे महागात पडते. यंत्र अथवा दुकानदार "रुपयांत द्यायचे की बाटमध्ये?" असे विचारतो. तेथे नेहमी बाट म्हणावे. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो. आपले मोबाइल क्रमांकाचे सिम रोमिंगवर चालू असावे, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. तेथील सिम वेगळे घ्यावे. यूपीआय चालेलच या भरवशावर तर निघूच नये.

कागदपत्रांचे थोडक्यात उरकतो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने उरलेली असावी. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीयांना पर्यटन व अल्प व्यवसायभेटीसाठी ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. पण अशा सवलती एका आदेशाने येतात आणि दुसऱ्याने जातात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीचा नियम थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशास आगमनाचे डिजिटल कार्ड, ज्याला टीडीएसी म्हणतात, पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. ते विनामूल्य आहे. पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळे निघाली आहेत. पैसे मागितले की ती जागा चुकीची, एवढी खूण पुरे. परतीचे तिकीट व हॉटेलचे आरक्षण छापून हाताशी ठेवावे, अधिकारी विचारू शकतात. आणि आपले विमान सुवर्णभूमीवर उतरते की डॉन म्युआंगवर, हेही तिकिटावर पाहावे. परतीला चुकीच्या विमानतळावर जाऊन उभी राहिलेली मंडळी मी पाहिली आहेत.

घरात नोकरीच्या शोधात असलेला मुलगा असेल तर पुढचा परिच्छेद त्याला वाचून दाखवावा. "बँकॉकमध्ये डेटा एंट्री, संगणकावरील काम, तिकीट कंपनीचे, पगार डॉलरमध्ये" असे निरोप समाजमाध्यमांवर फिरतात. मुलाखत फोनवर होते, व्हिसा पर्यटनाचा असतो. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात न जाता पश्चिमेस, म्यानमार सीमेवरील मे सोतकडे जाते. तेथून नदीपलीकडे म्यावड्डी भागातील वसाहतींत पासपोर्ट काढून घेऊन मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामास जुंपले जाते. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने याविषयी सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. थायलंडमध्ये नोकरीसाठी योग्य वर्गाचा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही. जो मालक "आधी या, कागद नंतर" म्हणतो, त्याच्याकडे मुलास पाठवू नये, मग ती ओळख मामाची असो की धर्मबंधूची. नियुक्तिपत्र हाती आले की बँकॉकमधील भारतीय दूतावासाकडे ई-मेलने त्या कंपनीची चौकशी करता येते.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधी विचारला जातो, मी मुद्दाम मागे ठेवला. थाई स्वयंपाकात मासळीचे सॉस मिठासारखे वापरतात. भाजीच्या रश्श्यात, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही ते असते. केवळ "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, त्यात अंडे येऊ शकते. त्याऐवजी "जे" हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला दिसतो. चिनी-बौद्ध परंपरेतील या आहारात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबरच लसूण व कांदाही वर्ज्य असतो. हे कळले तेव्हा मला परक्या देशात शेजारी भेटल्यासारखे वाटले. अर्थात मुळा, गाजर, बटाटा यांना तेथे मज्जाव नाही, आणि मशरूम तर सर्रास. तेव्हा कंदमूळ न खाणाऱ्यांनी ते वेगळे सांगावे अथवा सीलोम-पाहुरात परिसरातील भारतीय भोजनालये गाठावीत. चौविहार पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असून डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आतच होतो. दुपारी निघणाऱ्या विमानात त्या दिवशीचे सायंभोजन हुकतेच. जैन जेवण विमान कंपनीकडे किमान दोन दिवस आधी नोंदवावे.

औषधे मूळ पाकिटात, वैद्याच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रामाडॉल यांवर तेथे निर्बंध आहेत. ई-सिगारेट नेणे तर गुन्हाच आहे, हे घरातील तरुणांना आडून नव्हे, सरळ विचारावे. प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत. भाड्याच्या दुचाकीवर बसण्याचा मोह टाळावा. योग्य परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि दुचाकीवाला तारण म्हणून पासपोर्ट मागतो तो कदापि देऊ नये. राजघराण्याविषयी थट्टेनेही बोलू नये. तेथील दंडसंहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षे कैद आहे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. हे फोनमध्येच नव्हे, कागदावर लिहून खिशात असावेत.

पुतण्याने एवढे सारे ऐकून घेतले आणि थोड्या नाराजीनेच वही मागितली. दोन पाने भरली. एक प्रत त्याच्यापाशी, एक वहिनींपाशी : विमाने, हॉटेलचा पत्ता, विमापत्राचा क्रमांक, पासपोर्टची छायाप्रत, रोज रात्री कोणत्या वेळी फोन करायचा ती वेळ. न्यायला येणाऱ्या अनोळखी माणसाचा बेत रद्द झाला. तो विमानतळावरील रांगेतून मीटरची टॅक्सी घेऊन गेला. पैसे फॉरेक्स कार्डावर नेले.

निघण्याच्या आदल्या दिवशी पेढीवरील एक जुने ग्राहक तेथील भाचीसाठी पुडके घेऊन आले, असे भावाने मला फोनवर सांगितले. पुतण्याने ते त्यांच्यासमोर उघडण्याची परवानगी मागितली. ग्राहक दुखावले आणि पुडके घेऊन निघून गेले. भाऊ माझ्यावर अजून थोडा रागावलेला आहे. दिवाळीला भेटलो की त्याची समजूत घालीन म्हणतो.